पंखा थांबलेला आणि इंजिन चालू: एटीआरच्या प्रॉपेलरबद्दल

ताई, तुमचे प्रश्न आधी एका जागी लिहितो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून एटीआरने, म्हणजे दोन पंख्यांच्या प्रवासी विमानाने, निघायच्या आधी उजवीकडचा पंखा थांबलेला होता, तरी इंजिनाची शिट्टी चालू होती. वर गेल्यावर थोड्याच वेळात आवाज एकदम खाली आला आणि शेजारचे काका घाबरले. शिवाय तुमच्या अकरावीतल्या लेकीला ही पाती कोण आणि कशी सांभाळतं ते जाणून घ्यायचंय. मी कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या कारखान्यांत फिटर म्हणून सुरुवात केली आणि पुढचं सगळं आयुष्य विमानांच्या देखभालीत काढलं, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो.

थांबलेल्या पंख्याचं उत्तर सोपं आहे. एटीआरच्या इंजिनात प्रॉपेलर, म्हणजे हा पंखा, फिरवणारी टर्बाइन (गरम वायूच्या झोताने फिरणारं चाक) वेगळी असते. इंजिनाच्या बाकीच्या भागाशी तिला जोडणारा दांडा नसतो, मधे फक्त गरम वायूचा झोत असतो. टेबलफॅनसमोर दुसरा बंद टेबलफॅन ठेवला तर वाऱ्याने तोही फिरू लागतो. त्याला धरून ठेवलं तरी पहिला आपला चालूच राहतो. एटीआरच्या उजव्या इंजिनावर असा धरून ठेवणारा ब्रेक आहे. पंखा थांबवून इंजिन चालू ठेवायचं आणि त्यावर विमानाची वीज आणि थंड हवा भागवायची, याला आम्ही ‘हॉटेल मोड’ म्हणतो. छोट्या विमानतळावर बाहेरून वीज घ्यायची गरज राहत नाही.

आवाजाचं उत्तर समजायला पात्याकडे नीट बघावं लागेल. पंखा हवा मागे फेकतो हे खरंच, पण प्रत्येक पातं हा एक फिरणारा पंख आहे. पंख आणि पंखा हे शब्द आपल्याकडे उगाच शेजारी नाहीत. राइट बंधूंनी जहाजांच्या प्रॉपेलरची माहिती शोधली, उपयोगाचं काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी याच विचाराने स्वतः गणित मांडलं आणि १९०३ सालची पाती लाकडातून कोरली.

आता एटीआर ७२ ची सहा पाती घ्या. व्यास ३.९३ मीटर, उड्डाणाच्या वेळी मिनिटाला १२०० फेरे. म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २४७ मीटर धावतं, ताशी जवळजवळ ८९० किलोमीटर. मधला भाग त्याच्या निम्म्या वेगाने जातो आणि बुंध्याजवळचा अगदी सावकाश. सगळ्या लांबीने हवेत सारखं काम करावं म्हणून पात्याला पीळ दिलेला असतो: बुंध्याशी तिरपं, टोकाकडे सपाट होत गेलेलं. वेग याहून फार वाढवून चालत नाही, कारण टोक ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की आवाज वाढतो आणि विमानाला पुढे नेणारी ओढ कमी होते.

पाती बुंध्यात वळू शकतात, आणि तेच तुमच्या आवाजाचं कारण. पन्हाळ्याचा चढ आपण खालच्या गिअरमध्ये चढतो आणि हायवेला वरचा टाकतो. उड्डाणाच्या वेळी पाती हवेचा छोटा घास घेत भराभर फिरतात. विमान चढाईला लागलं की फेरे ८२ टक्क्यांवर, म्हणजे मिनिटाला ९८४ च्या आसपास येतात, आणि पाती वळून मोठा घास घेऊ लागतात. कानाला वाटतं इंजिन दमलं. काकांना सांगा, फक्त गिअर बदलला.

हेच वळणं इंजिन बंद पडल्यावर जीव वाचवतं. पाती वाऱ्याला धार करून उभी होतात, याला फेदर करणं म्हणतात. तसं केलं नाही तर वारा पंख्याला फिरवत राहतो आणि पंखा विमानाला मागे खेचतो. पण हेच नको त्या वेळी झालं तर काय होतं, ते १५ जानेवारी २०२३ ला नेपाळमध्ये पोखऱ्याजवळ दिसलं. उतरायच्या तयारीत फ्लॅपच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपांच्या) लिव्हरऐवजी दोन्ही प्रॉपेलरच्या लिव्हर ओढल्या गेल्या आणि पाती फेदर झाली. इंजिनं चालू होती, ओढ मात्र शून्य. ७२ माणसं गेली. ते विमानही एटीआर ७२ च होतं.

आता लेकीचा प्रश्न. माझ्या जिव्हाळ्याचा हाच.

प्रॉपेलरचा खरा शत्रू म्हणजे नखाएवढी खाच. चार सीटच्या सेसनाचं ॲल्युमिनियमचं पातं फिरत असताना बुंध्यावर दहा टनांच्या पुढचा ताण येतो. वर इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याची थरथर. एखादा खडा उडून पुढच्या कडेला लागला की सगळा ताण त्या खाचेच्या टोकावर गोळा होतो आणि तिथून चीर चालू लागते. म्हणून सकाळी विमानाला हात लावायचा तो पात्याच्या कडेवरून बोट फिरवूनच. डोळ्याला न दिसलेली खाच बोटाला लागते.

एका फ्लाइंग क्लबात माझ्या उस्तादांनी मला पहिली खाच काढायला दिली, मिलिमीटरभर खोल. मी उद्यमनगरच्या सवयीने कानस आडवी लावली. त्यांनी हात धरला. कानस पात्याच्या लांबीच्या दिशेनेच चालली पाहिजे, आडवा ओरखडा म्हणजे नव्या चिरेला वाट. खाच नुसती घासून सपाट करायची नाही. तिच्या खोलीच्या निदान दहापट लांबीचा उतार करत ती कडेत मिसळून टाकायची. मग बारीक एमरी, मग लाल रंगाचं द्रव लावून थांबायचं, पुसून पांढरी पावडर मारायची. चीर उरली असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. त्या दिवशी काही उमटलं नाही, तरी उस्तादांनी भिंगातून पुन्हा पाहिलं. किती घासायला मुभा आहे हे उत्पादकाच्या पुस्तकात ठरलेलं असतं. त्यापुढे पातं बाद, कितीही चकचकीत दिसो.

दिसत नाही म्हणजे नाही, असं या कामात कधीच धरू नये. २१ ऑगस्ट १९९५ ला अमेरिकेत जॉर्जियातून निघालेल्या एका ब्राझिलिया नावाच्या प्रॉपेलरच्या विमानाचं पातं हवेत तुटलं. पात्याच्या पोकळीत बसवलेल्या बुचातल्या क्लोरीनने आतून गंज धरला होता आणि गंजाच्या खड्ड्यातून चीर निघाली होती. तपासणीत इशारा मिळाला होता, पण आत पाहिल्यावर चीर दिसली नाही, म्हणून पोकळी पॉलिश करून ते पातं पुन्हा बसवलं गेलं.

एटीआरची पाती संमिश्र, म्हणजे कंपोझिट असतात. पुढच्या कडेवर धातूची पट्टी असते, कारण त्या वेगाने पावसाचे थेंबही कड खातात, आणि आपल्याकडचा पाऊस तर माहीतच आहे. अशी पाती नाण्याने हलके ठोकून तपासता येतात. कुंभाराकडे मडकं वाजवून घेतात तसंच. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आतले थर सुटलेत. बाकी हबमधून, म्हणजे पाती बसतात त्या मधल्या गाभ्यातून, ग्रीस उडतंय का, बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधलेली तार शाबूत आहे का, पाती एकाच रेषेत फिरतात का, हे नेहमीचं. हबवर प्रेशरने पाणी मारू नये, सीलमधून आत जातं.

लेकीला एक गोष्ट आजच सांगा. पिस्टन इंजिनाच्या विमानाचा पंखा बंद दिसला तरी तो चालू आहे असंच समजायचं. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची एक तार तुटली तर किल्ली काढलेली असतानाही ठिणगी पडते. माझ्यासमोर एका मदतनीसाने पुसता पुसता पंखा थोडा हलवला आणि पंख्याने एक झटका मारला. मनगट मोडलं, डोकं वाचलं ते दोन वितींनी.

तिला या कामात यायचं असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित घेऊन बारावी, मग डीजीसीएची (केंद्र सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेली संस्था, मग लायसन्सच्या परीक्षा. एटीआरसारख्या विमानांसाठी लायसन्सचा बी१.१ हा वर्ग. पण त्याआधी मे महिन्याच्या सुट्टीत तिला उद्यमनगरात एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये महिनाभर कानस मारायला पाठवा. आणि पुढच्या प्रवासात उजव्या खिडकीची सीट घ्या. पंखा थांबलेला असेल तर पात्याच्या पुढच्या कडेवरची ती धातूची पट्टी तिला नीट बघता येईल.