खाडीत शिनाणे (खायचे हिरवे शिंपले) किंवा समुद्री शेवाळ करायला महिला बचत गटाला सरकारी मदत मिळते का?

मिळते. तुम्ही दोन्हीबद्दल विचारलंय, पण तुमची खाडी सिंधुदुर्गातली आहे म्हणून मी शिनाण्यांबद्दलच जास्त सांगते. इथल्या गटांचे अर्ज भरून द्यायचं काम मी करते, त्यामुळे कुठे अडतं ते ठाऊक आहे.

पैशाचं तसं सोपं आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत (2020 ची) महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना प्रकल्प खर्चाच्या 60 टक्के अनुदान, बाकीच्यांना 40. दुसरी राज्याची, कांदळवन (खारफुटीचं जंगल) संरक्षण व उपजीविका निर्माण योजना, 2017 पासूनची. तिच्यात गटाला 90 टक्के शासन देतं, 10 टक्के आपण घालायचे. गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती असेल तर आधी तिकडेच जा.

गाडी अडते ती तारखांवर. शिनाण्यांचं बी, म्हणजे साधारण 20-25 मिलिमीटरची पिल्लं, खडकावरून काढून दोराभोवती पसरायचं, वरून सुती जाळी शिवायची आणि दोर खाडीत रोवलेल्या बांबूंना टांगायचे. काही दिवसांत जाळी कुजून जाते, तोवर शिनाण्यांनी आपल्या तंतूंनी दोर पकडलेला असतो. हे सगळं नोव्हेंबर-डिसेंबरात व्हायला हवं, कारण मेअखेर माल काढावाच लागतो. पाऊस लागला की खाडीचं पाणी गोडं होतं आणि शिनाणे मरतात. आणि अनुदान? सरकारी वर्ष मार्चला संपतं, म्हणून बऱ्याचदा फेब्रुवारीत हातात येतं. तेव्हा बांबू रोवून काय करणार! म्हणून अर्ज, ठराव, बँकेचं खातं हे सारं पावसाळ्यातच उरकून घ्या.

दुसरी अडचण बियाण्याची. केरळात कासरगोडजवळ पडण्णा इथे नव्वदच्या दशकापासून केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तंत्राने आणि सरकारी कर्ज-अनुदानावर बायकांच्या गटांनी हा धंदा उभा केला, पार हजारो टनांपर्यंत नेला. पण सगळ्यांचं बी त्याच खडकांवरून येणार, मग ते पुरेना. माझ्या मते सरकारने बांबूंपेक्षा बीजकेंद्रावर खर्च करावा. गोव्यात शिनाण्यांना गिऱ्हाईक आहेच, विक्रीची मला तेवढी काळजी वाटत नाही.

शेवाळाला मत्स्यसंपदेत 2020-25 साठी भरपूर तरतूद होती, सुमारे 640 कोटी. पण तो धंदा रुजला तामिळनाडूत, मंडपमच्या बाजूला. 45 दिवसांत पीक निघतं खरं, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर समुद्र शेवाळाचा तराफा टिकू देत नाही. पुढच्या हंगामासाठी बी जगवायचं कुठे, ते आधी ठरवा.

मालवणच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाल तेव्हा या वर्षीचा निधी शिल्लक आहे का आणि खाडीतल्या जागेची परवानगी कोण देणार, हे दोन प्रश्न आधी विचारा. जागा बघताना वरच्या बाजूला गावाचं सांडपाणी येत नाही ना, तेही पाहा. शिंपला पाणी गाळून खातो, घाण त्याच्या पोटात राहते.