फोन काढून घेण्याआधी दिवस मोजा

"त्याचा फोन काढून घेतलाय. बरोबर केलं ना?" दांडिया बाजारातल्या एका आईचा पहिलाच प्रश्न. मुलगा 17 वर्षांचा. काउंटर-स्ट्राइक या कॉम्प्युटर गेममधला त्याचा चाकू (नुसती खेळातली वस्तू, पण खऱ्या पैशांत विकली जाते), भाव 28,000 रुपयांच्या आसपास, स्टीम या गेमिंग प्लॅटफॉर्मवरच्या खात्यातून गेला होता. आईला कळलं चौथ्या दिवशी, तेही मामाकडून. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"मी कुणाला कोड दिलाच नाही," मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता. दिला होता, पण त्याला कळलं नव्हतं. "आमच्या टीमला व्होट दे," असा मित्राच्या खात्यावरून मेसेज आला. ते खातंच आधी चोरीला गेलेलं. लिंक उघडल्यावर लॉगिनची खिडकी आली, वरचा पत्ता हुबेहूब स्टीमचा. ती खिडकी म्हणजे पानावर रंगवलेलं चित्र होतं. माउसने धरून ब्राउझरबाहेर ओढली असती तर कडेलाच अडकली असती. त्याने तिथे पासवर्ड टाकला, वर स्टीम गार्डचा, म्हणजे लॉगिनच्या दुसऱ्या कुलपाचा, कोडही.

मग आठवडाभर सगळं शांत. म्हणूनच मुलांना नंतर लिंक आठवत नाही. मुलाने खऱ्या मित्राला चाकूचा ट्रेड, म्हणजे देवाणघेवाणीची ऑफर, टाकला तेव्हा आत बसलेल्या चोराने ती ऑफर रद्द केली आणि तेच नाव, तोच फोटो लावलेल्या दुसऱ्या खात्याला नवी पाठवली. मोबाइलवर कन्फर्म मुलानेच केलं. त्या स्क्रीनवर समोरच्याची लेव्हल आणि तो स्टीमवर कधी आला ती तारीख असते. नाव-फोटो चोरता येतात, तारीख नाही.

आता फोन. जुलै 2025पासून या खेळातल्या वस्तूंचा ट्रेड 7 दिवसांच्या आत उलटवता येतो. त्यातले चार दिवस मुलाच्या भीतीत गेले होते, आणि कोड देणारं, ट्रेड कन्फर्म करणारं ऑथेंटिकेटर ज्या फोनमध्ये, तो आईच्या कपाटात! मामालाच का सांगितलं, हे विचारल्यावर मुलगा म्हणाला, "मामा फोन काढून घेत नाही."

फोन कपाटातून बाहेर आला, कामाला लागलो. आधी ईमेलचा पासवर्ड, मग स्टीमचा. बाकी सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट. एपीआय कीच्या (दुसऱ्या प्रोग्रॅमला खात्यात शिरकाव देणाऱ्या किल्लीच्या) पानावर अनोळखी की होती, ती रद्द. नुसत्या पासवर्डवर थांबलं तर ही राहून जाते. ट्रेड यूआरएल, म्हणजे ज्या लिंकवरून इतर लोक ट्रेड ऑफर पाठवतात ती, नवी. आणि मग ट्रेड हिस्टरीतून उलटवणं. एकच ट्रेड निवडता येत नाही, सात दिवसांतले सगळे उलटतात, आणि 30 दिवस ट्रेड व मार्केट बंद राहतं. मुलाला तेवढं चाललं.

निघताना त्याने आणखी एक सांगितलं. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवरच्या एका "स्टीम अ‍ॅडमिन"ला चाकू परत आणायचे 1,500 रुपये यूपीआयने दिले होते. स्टीमचा माणूस डिस्कॉर्डवर पैसे मागत नाही. आईने तिथूनच 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. व्यवहाराचा यूटीआर (बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक) मुलाने अ‍ॅपमधून काढून दिला.