तिला अनफ्रेंड केलं, आता गाडीत तोंड कसं दाखवू?

ठाण्याहून वाशीला नोकरीसाठी जाणाऱ्या चाळिशीतल्या एक बाई हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकलच्या लेडीज डब्यात ऐरोलीला चढणारी त्यांची मैत्रीण. बरीच वर्षं रोजचा सोबतीचा प्रवास, एकमेकींसाठी जागा धरणं, डब्यातलं हळदीकुंकू.

मुलाचा दहावीचा निकाल लागला तेव्हा बाईंनी फेसबुकवर पेढ्यांचा फोटो टाकला. खाली मैत्रिणीची कमेंट आली, "एवढे महागडे क्लास लावून एवढेच टक्के?" सासरच्या सगळ्यांनी ती वाचली. त्याच रात्री बाईंनी तिला अनफ्रेंड केलं. फेसबुक याची सूचना समोरच्याला देत नाही, पण मैत्रिणीने त्यांचं प्रोफाइल उघडलं आणि तिला 'ॲड फ्रेंड'चं बटण दिसलं. दुसऱ्या दिवसापासून एकाच डब्यात दोघी दोन टोकांना.

"मॅडम, मी फार टोकाचं वागले का?"

मी म्हटलं, नाही. आपल्या मुलाबद्दल चारचौघांत काय बोललं जावं, हे ठरवायचा आईला पूर्ण हक्क आहे. अनफॉलो किंवा तीस दिवसांचं स्नूझ केल्याने फक्त तिच्या पोस्ट यांना दिसल्या नसत्या. यांच्या पोस्टखाली तिचं लिहिणं थांबलं नसतं. कमेंट डिलीट करणं किंवा घरगुती पोस्ट तिच्यापुरत्या लपवणं, हे मधले मार्ग होते. इन्स्टाग्रामवर 'रिस्ट्रिक्ट' केलं की त्या व्यक्तीची नवी कमेंट आपण मंजूर करेपर्यंत इतरांना दिसत नाही. पण रात्री अकरा वाजता, सासूबाईंचा फोन ठेवल्या ठेवल्या, एवढं कोणाला सुचतं?

मला खटकली ती पुढची मुकी शिक्षा. आपली कमेंट जिव्हारी लागली, हे मैत्रिणीला कोणी सांगितलंच नव्हतं. मग आम्ही कागद घेतला. "तुला माझं चांगलं बघवत नाही" हे पहिलं वाक्य बाईंनीच खोडलं. "तू नेहमीच अशी वागतेस" हेही गेलं. शेवटी उरलं ते असं: "सगळ्यांसमोर तू त्याच्या मार्कांवर लिहिलंस, ते मला फार लागलं. म्हणून मी तुला फेसबुकवरून काढलं. घरच्या गोष्टी आता तिथे तुझ्याबरोबर नकोत. गाडीत मात्र आपण बोलावं असं मला वाटतं."

हे डब्यात बोलायचं नाही, बाकीच्या बायका लगेच बाजू घेतात. वाशीला उतरल्यावर, दोघीच असताना बोला, असं मी सुचवलं आणि त्यांनी तसंच केलं. मैत्रीण आधी चिडली, "मग तेव्हाच फोन करायचास ना!" काही दिवस गेले, आता पुन्हा जागा धरली जाते. फेसबुकवर दोघी अजून मैत्रिणी नाहीत, आणि त्या असाव्यात असा आग्रह मी धरलेला नाही.

समोरचा माणूस धमक्या देत असेल, पाळत ठेवत असेल, अश्लील मेसेज पाठवत असेल, तर यातलं काहीही करू नका. स्क्रीनशॉट जपून ठेवा, ब्लॉक करा, घरात कोणाला तरी सांगा आणि पोलिसांत किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. अशा माणसाला कसलंही कारण सांगायची गरज नाही.