खळ्याला भेगा का पडतात?

प्रश्न : सोलापूरजवळ जुन्या शेतीचे जिवंत दालन उभारले आहे. कोणत्या महिन्यात काय दाखवावे? खळे, म्हणजे कणसे मळायची सारवलेली जागा, दरवेळी फुटते.

उत्तर : तिफण-चाडे (तीन दात्यांची पाभर आणि तिच्यावरचे बी सोडायचे भांडे) सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभर, मालदांडी ज्वारीच्या पेरणीला. वेळ अमावास्येनंतर (मार्गशीर्ष अमावास्या, डिसेंबर-जानेवारी) हुरडा, म्हणजे भाजलेले कोवळे दाणे. दाण्यातला चीक आटलेला, पण दाणा हिरवा-मऊ हवा. कणसे गोवऱ्यांच्या आरात भाजा. जाळावर ती वरून करपतात, आत कच्ची राहतात.

खळे कणसे खुडल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. काळी माती वाळताना आकसते, म्हणून फुटते, आणि भेगांत दाणा जातो. पंचवीसेक फुटांचे गोल रिंगण खरवडा, वर चार बोटे पांढरी माती आणि भुसा पसरा, रात्रभर भिजवा. सकाळी वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी झाली, की बैल फिरवून चोपा. ओल्यातच घाई केली तर खुरांचे खड्डे राहतात! मग पातळ शेणाचे दोन हात द्या. दुसरा पहिला वाळल्यावरच. तिवडा, म्हणजे बैल ज्याभोवती फिरतात तो खांब, मधोमध हातभर खोल रोवा. मळणीला त्याच्याजवळ म्हातारा, संथ बैल जुंपा, कारण बाहेरच्याला जास्त चालावे लागते. बैलांच्या तोंडाला मुसके (जाळी) हवेच. उपणणीला, म्हणजे दाण्यातला भुसा उडवायला, वारा लागतो. पंखा लावू नका, मजा जाते.