पहिला पगार आणि पहिली पेंढी

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. बराच काळ नोकरीची वाट पाहिल्यानंतर तुम्हाला पहिला पगार मिळाला. तो संपूर्ण ‘प्रथमफळ’ म्हणून, म्हणजे पिकाचा किंवा कमाईचा देवाला द्यायचा पहिला वाटा म्हणून, अर्पण केला पाहिजे, नाही तर पुढचे आशीर्वाद अडतील, असे तुमच्या ख्रिस्ती मंडळीतील एका वडीलधाऱ्या बंधूंनी तुम्हाला सांगितले. घरात आई आजारी आहे आणि तिच्या औषधांची उधारी फेडायची होती, म्हणून तुम्ही पगारातील थोडाच भाग दिला आणि तेव्हापासून तुमची झोप उडाली आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही विचारता, “मी देवाचे चोरले का?” याचे उत्तर आधीच देते: नाही, तुम्ही चोरी केलेली नाही. परंतु केवळ माझ्या शब्दावर तुमचे मन शांत व्हावे अशी माझी इच्छा नाही, म्हणून शास्त्रात प्रत्यक्ष काय आहे ते आपण पाहू.

बायबलमधील लेवीय पुस्तकाच्या 23व्या अध्यायात इस्राएल लोकांना सांगितले आहे की, कापणी सुरू झाली की पहिल्या पिकाची एक पेंढी याजकाकडे आणावी, याजकाने ती परमेश्वरासमोर ओवाळावी, आणि तोपर्यंत नव्या धान्याची भाकर किंवा हुरडा कोणी खाऊ नये. आणायची होती ती एक पेंढी. शेत उभेच राहत असे, आणि त्या दिवसानंतर घरादाराने त्याच शेताचे अन्न खायचे असे. पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या पिठाच्या दोन भाकरी अर्पण होत, त्याही खमीर घातलेल्या, म्हणजे घरोघरी रोज खाल्ल्या जात तशाच. पहिला वाटा देवापुढे ठेवून ‘हे सारे तुझ्याकडून आले’ असे कबूल करणे, हा या अर्पणाचा गाभा होता. अर्पण किती असावे याचे प्रमाण मोशेच्या नियमशास्त्राने ठरवून दिलेले नाही. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथातही, ज्या गोष्टींना ठरलेले माप नाही अशांच्या यादीत प्रथमफळाची गणना स्पष्टपणे केलेली आहे.

बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 26वा अध्याय तुम्ही सावकाश वाचावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण प्रथमफळाविषयी इतके हृद्य वर्णन शास्त्रात मला दुसरीकडे आढळत नाही. शेतकरी टोपली घेऊन येतो, याजक ती वेदीसमोर ठेवतो, आणि मग त्या शेतकऱ्याला स्वतःच्या तोंडाने एक कथा सांगावी लागते: आपला पूर्वज भटकणारा अरामी होता, तो मिसर देशात उपरा म्हणून राहिला, तिथे आपला छळ झाला, आपण आक्रोश केला, परमेश्वराने ऐकले आणि आपल्याला या भूमीत आणले. पिकाचे कौतुक किंवा टोपलीच्या वजनाचा हिशेब त्या कथेत कुठेच नाही. आपण कोण होतो आणि कोणी वाचवले, एवढेच तिच्यात आहे. कथा संपल्यावर त्या माणसाने आपल्या घराण्यासह, लेव्यासह (म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशातील माणसासह) आणि आपल्यामध्ये राहणाऱ्या परक्यासह आनंद करावा, अशी आज्ञा येते. मिश्नात याविषयी एक गोष्ट नोंदलेली आहे, ती तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. ज्यांना हे शब्द वाचता येत ते स्वतः म्हणत, आणि ज्यांना येत नसत त्यांना ते सांगितले जात. पण न येणाऱ्यांना लाज वाटून ते अर्पण आणीनासे झाले, तेव्हा सर्वांनाच शब्द सांगण्याची पद्धत ठरवण्यात आली. देणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून तिथे विधीच बदलला गेला, आणि तुमच्या बाबतीत मात्र लाज हेच देण्याचे साधन बनवले गेले, याचे मला फार दुःख होते.

‘देवाचे चोरले’ हे शब्द मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 3ऱ्या अध्यायातले आहेत. तिथला आरोप खरा आणि गंभीर आहे: दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) व अर्पणे मंदिराच्या भांडारात येत नव्हती, आणि लेव्यांचे पोट त्यांवरच अवलंबून होते. परंतु त्याच अध्यायाच्या 5व्या वचनात मजुराची मजुरी बुडवणारे आणि विधवा व अनाथ यांच्यावर जुलूम करणारे यांनाही देव न्यायासाठी उभे करतो. आजारी आईची औषधे थांबवून भांडार भरावे, असा अर्थ त्या अध्यायातून निघत नाही. याच विषयावर येशूने मार्काच्या शुभवर्तमानाच्या 7व्या अध्यायात अतिशय कडक शब्द वापरले आहेत: आईवडिलांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेले, असे म्हणून जे हात झटकत, ते परंपरेसाठी देवाची आज्ञा रद्द करत आहेत, असे त्याने सांगितले.

पत्रात तुम्ही मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची दोन नाणी, टाकणाऱ्या विधवेचा दाखला दिला आहे. तिने उपजीविकेचे सर्व टाकले आणि येशूने तिचे दान श्रीमंतांच्या दानापेक्षा मोठे मानले, हे निर्विवाद आहे. पण तिच्याकडून ते कोणी मागितले नव्हते, आणि त्याआधीच्याच वचनांत येशू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी बोलतो. आपणहून सर्वस्व देणाऱ्या स्त्रीचे उदाहरण दुसऱ्या स्त्रीवर दडपण आणण्यासाठी वापरणे मला मुळीच मान्य नाही. कोणी आनंदाने आपला पहिला पगार पूर्ण दिला, तर मी त्याचा आदरच करीन. मात्र ती आज्ञा आहे, असे मी म्हणणार नाही.

नीतिसूत्रांच्या 3ऱ्या अध्यायातले, प्रथमफळाने परमेश्वराचा सन्मान केल्यास कोठारे भरतील, हे वचन मला प्रिय आहे. तरीही ते व्यवहाराचा करार म्हणून वाचता येत नाही, कारण बायबलमधील नीतिमान ईयोब उदार असूनही सर्व गमावून बसला आणि ‘तुझेच काही चुकले असेल’ असे म्हणणाऱ्या त्याच्या मित्रांना देवाने दोषी ठरवले. प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी करिंथकरांकडून (करिंथ शहरातील मंडळीकडून) वर्गणी गोळा करताना लिहिले की, प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा देणे भाग पडते म्हणून देऊ नये. आणि करिंथकरांना लिहिलेल्या त्याच दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात तो सांगतो की, उत्सुकता असली तर माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे दान मान्य होते, नसलेल्याप्रमाणे नव्हे.

तरीही एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. या मोकळिकीचा अर्थ, महिन्याच्या शेवटी उरले तर द्यायचे, असा होत नाही. प्रथमफळ पहिले असते. शेतकरी ते देत असे तेव्हा पुढचे पीक हाती आलेले नसे, म्हणून त्या देण्यात भरवसा असे. तेव्हा पुढचा पगार हाती येण्यापूर्वीच आईचे औषध व उधारीचा हप्ता धरून, तुम्हाला मनापासून देता येईल असा भाग ठरवा, आणि पगार आला की तो सर्वांत आधी बाजूला काढा. त्या बंधूंशी शांतपणे बोला, अनुवादाचा तो अध्याय त्यांच्यासमोर उघडा, आणि दिलेल्या रकमेबद्दल क्षमा मागू नका. आणखी एक करा: अर्पण नेण्याच्या आदल्या रात्री आईजवळ बसा आणि नोकरी नसलेल्या त्या महिन्यांत तुम्हा दोघींचे कसे निभावले, हे तिला मोठ्याने सांगा, कारण टोपलीपुढे म्हणायचे तुमचे शब्द तेच आहेत.