गाठ खांद्यावरच का?

प्रश्न : माझी मुलगी बावीस वर्षांची, बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पणजीत होणाऱ्या राज्य पातळीवरच्या सौंदर्यस्पर्धेसाठी तिची निवड झाली आहे. त्यात एक फेरी पारंपरिक पोशाखाची आहे आणि ‘माझ्या राज्याचा वारसा’ यावर दोन मिनिटं बोलायचं आहे. माझे दीर म्हणतात, १९६६ साली गोव्याच्या मुलीला मिस वर्ल्ड मिळालं ते पोर्तुगीज वळणामुळे. आपण डिचोलीची मराठी शाळेत शिकलेली माणसं, आपल्या मुलीपाशी तसलं काही नाही. सासऱ्यांना तर मुलीनं मंचावर उभं राहणंच पसंत नाही. दिरांचं म्हणणं खरं का? आणि तिनं नेसावं काय?
— एक आई, डिचोली

उत्तर : ताई, १९६६ सालचा तो फोटो मी पाहिलाय. तेव्हा मी तिसरीत होते. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात शाळेला इमारत नव्हती, देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, वर्ग भरायचे. गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा, ह्या जनमत कौलाचे दिवस होते, भिंतीभिंतीवर त्याच्या खुणा, फूल आणि दोन पानं, रंगवलेल्या. जत्रेला गिरगावातून आलेल्या मामानं मुंबईचा पेपर आणला होता आणि त्यात मुकुट घातलेली रीता फारिया होती. आजीनं पेपर चुलीच्या उजेडाला धरला आणि विचारलं, “हें चेडूं कोणालें?” मामा म्हणाला, आपल्याच गोंयकारांचं, मुंबईत डॉक्टरकी शिकतं. आजी म्हणाली, “दोतोर? मगीर बरें.” डॉक्टर, मग ठीक. मुकुटाबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

आता दिरांचा मुद्दा. रीता फारियांचे आईवडील गोमंतकीय, पण त्या जन्मल्या मुंबईत, १९४३ साली, आणि शिकल्याही मुंबईतच, ग्रँट मेडिकल कॉलेजात. नोव्हेंबर १९६६ मध्ये लंडनला त्या मिस वर्ल्ड झाल्या. आशियातली कुठलीच स्त्री त्याआधी तिथवर पोचली नव्हती. गोवा मुक्त होऊन तेव्हा पुरी पाच वर्षंही झाली नव्हती. पोर्तुगीजांच्या राज्यात पोट भरत नव्हतं म्हणून गोव्याची माणसं एकोणिसाव्या शतकापासून मुंबईची वाट धरत होती. धोबीतलावच्या कुडांमध्ये एकेका गावची मंडळी ट्रंकेला ट्रंक लावून राहायची. कोणी आगबोटीवर, कोणी आचारी, कोणी शिंपी, कोणी बँडात व्हायोलिन वाजवणारा. व्हायोलिन आणि सुरांची लिपी त्यांना गावच्या चर्चच्या शाळेनं दिली होती, हे कबूल. चारचौघांत युरोपी पोशाखात सहज वावरणंही त्या घरांना नवं नव्हतं. पण लंडनच्या मंचावर परीक्षकांना उत्तर द्यायला लागलं ते इंग्रजी, आणि ते मुंबईनं दिलं. मुलीला डॉक्टर करायचं हे धाडसही मुंबईतल्या घराचं. वर्षभराची मुदत संपल्यावर त्यांनी मॉडेलिंग सोडलं, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीचा अभ्यास पुढे चालवला आणि नंतर आयर्लंडमध्ये स्थायिक झाल्या. आजीला हे कळलं असतं तर ती पुन्हा तेच म्हणाली असती.

तेव्हा दिरांना सांगा, वळण पोर्तुगीज असेल, पण वाट मुंबईची होती. आणि त्या वाटेनं फक्त ख्रिस्ती घरंच गेली नाहीत.

इथं मला तुमच्या सासऱ्यांशी बोलायचंय. त्यांचा विरोध मी हलक्यानं घेणार नाही, कारण तोही या भूमीच्या इतिहासातूनच आलाय. आपल्या देवळांच्या सेवेत पिढ्यान् पिढ्या कलावंत बायका गायल्या, नाचल्या. गावानं त्यांचं गाणं ऐकलं आणि घराच्या उंबऱ्याआड मात्र त्यांना घेतलं नाही. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर ह्या त्यातल्याच, आणि त्यांनाही मान मिळाला तो मुंबईला जाऊन. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली. मोगूबाईंचं कुर्डी साळावली धरणाखाली गेलं; मे महिन्यात पाणी ओसरलं की जुन्या घरांचे चौथरे वर येतात आणि गावची माणसं तिथं जमतात. मी एकदा गेले होते. भेगाळलेल्या चिखलातून चालताना सारखं वाटत होतं, ज्या बाईच्या गळ्यापुढं मैफली हात जोडायच्या, तिच्या आईआजीला आपण काय म्हणायचो?

‘चांगल्या घरची मुलगी लोकांसमोर उभी राहत नाही’ हे वाक्य त्या वागणुकीतूनच जन्मलं. सासऱ्यांना हे शांतपणे सांगून बघा. आणि हेही सांगा, की त्याच समाजातून आलेले भाऊसाहेब बांदोडकर १९६३ साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या काळात खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आमची अग्रशाळेतली शाळा त्यातलीच. सासरे डिचोलीचे म्हणजे बहुधा त्यांची धाकटी भावंडं अशाच शाळेत शिकली असतील. तुमची मुलगी आज बी. फार्म. करतेय, त्याचं मूळ तिथं आहे. दीर म्हणतात ‘तसलं काही नाही’. मला तर तिच्यापाशी पुष्कळ दिसतं.

नेसण्याचं सांगण्याआधी माझी एक चूक सांगते. पंधरा-सोळा वर्षांमागची गोष्ट. मी नाटकांची आणि शाळांच्या संमेलनांची वेशभूषा करायचे. आमच्या भागातली एक मुलगी पणजीत अशाच स्पर्धेला उतरली होती, तिला मी कुणबी कापड नेसवलं, लाल चौकड्यांचं. आदल्या दिवशी आयोजकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, हे फार गावठी दिसतं, जरा सोनेरी लेस लावा, आणि नेसायला वेळ जातो तर मागून झिप लावून तयारच शिवा. मी शिवलं, ह्याच हातांनी. मंचावर एका परीक्षक बाईंनी तिला विचारलं, “ही गाठ खांद्यावरच का मारतात?” आवाजात खोच नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मुलीनं विंगेत माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “ही आमची परंपरा आहे.” आणि गप्प झाली.

मला उत्तर माहीत होतं. आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, कामाला येणारी मावशी रोज माझ्यासमोर ती गाठ मारायची. कापडाचं एक टोक दातात धरायची, दुसरं काखेखालून पुढे घ्यायची आणि दोन झटक्यांत खांद्यावर गाठ. ना पिन, ना ब्लाउज. नेसण गुडघ्याच्या जरा खाली. वाफ्यात वाकून लावणी करताना पदर चिखलात लोळू नये, दोन्ही हात मोकळे राहावेत, म्हणून गाठ. संध्याकाळी ती गाठ इतकी घट्ट झालेली असायची की सोडवायला तिला माझी नखं लागायची. हे सगळं मला ठाऊक असून मी त्या मुलीला अक्षर सांगितलं नव्हतं. आणि झिप लावल्यावर ती गाठ नुसती शोभेची उरली होती, मग ती तरी काय सांगणार?

म्हणून तुमच्या मुलीला कुणबी कापड नेसायचं असेल तर आधी ते नेसणाऱ्या, किंवा जिची आई नेसायची अशा एखाद्या बाईकडे तिला दोन-तीन वेळा पाठवा. कुणबी, गावडा आणि वेळीप ह्यांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळालं. हा त्यांच्या कष्टाचा पोशाख आहे, तुमचा-माझा नाही. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी हे कापड फॅशनच्या मंचावर नेलं तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. तोवर आपण ते वाफ्यात रोज बघत होतो आणि आपल्याला ते दिसत नव्हतं. मुलीनं त्या बाईचं नाव मंचावर घ्यावं, तिची परवानगी घेऊन. लेस नको, झिप नको.

किंवा तिनं सरळ आपल्या पणजीआजीचं नऊवारी नेसावं आणि डिचोलीबद्दल बोलावं. नार्वेचं सप्तकोटेश्वराचं देऊळ तुमच्याच तालुक्यात आहे. कदंब राजांचा हा देव, मूळचा दिवाडी बेटावरचा. तिथलं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, लिंग नदीपार नार्वेला आलं, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दोन मिनिटांत एवढंच सांगावं. कदंब, चर्च, मांडो, शिगमो, काजू सगळं कोंबलं की पर्यटनाचं पत्रक होतं. आधी स्पर्धेच्या चार दिवस अगोदर तिला नार्वेला घेऊन जा, नदीकाठी उभी करा, पलीकडे दिवाडी दाखवा. जे डोळ्यांनी पाहिलंय ते तिला पाठ करावं लागणार नाही.

केसांत अबोलीची फाती माळा. वास नाही, पण दिव्यांच्या उष्णतेतही ती मान टाकत नाही.

प्रश्न : गोव्याची लोकसंख्या मुंबईच्या एखाद्या उपनगराएवढी. मोठ्या राज्यांपुढे आपल्या मुलींचा टिकाव लागणार का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : २०११च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाखांच्या आसपास होतो. पण २०१७पासून फेमिना मिस इंडियात प्रत्येक राज्याची एक मुलगी घेतात, म्हणजे लोकसभेत आपले खासदार दोन असले तरी त्या मंचावर गोवा आणि उत्तर प्रदेश बरोबरीचे. अडचण दुसरीकडे आहे. फिलिपिन्सनं मिस युनिव्हर्स चारदा जिंकलं : १९६९, १९७३, २०१५ आणि २०१८. तिथंही कॅथलिक सत्तेचा लांब इतिहास, तिथंही गावोगाव फेस्त. पण मे महिन्यातल्या सांताक्रुझानच्या मिरवणुकीत मुली फुलांच्या कमानीखाली राणी होऊन अख्ख्या गावासमोर चालतात, आणि गाव, शहर, प्रांत अशी स्पर्धांची शिडीच असते. आपल्याकडे मे क्वीन निवडतात ती हॉलमधल्या बॉलपुरती, आणि तीही सासष्टी-बारदेशात जास्त. सत्तरी, सांगे, काणकोणच्या मुलीला पहिली पायरी कुठं आहे? तिथल्या मुली जत्रेतल्या नाटकांत, शिगम्याच्या रोमटामेळ मिरवणुकीत, फुगडीच्या स्पर्धेत हजारो लोकांसमोर न बिचकता उभ्या राहतात. त्यांच्यापर्यंत निवड करणारी माणसं जात नाहीत, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : मी मडगावला कॉलेजात आहे. मैत्रिणींच्या सांगण्यावरून स्पर्धेत पानो-भाजू हा ख्रिस्ती बायकांचा पोशाख घालून मांडो नाचाची पावलं टाकायचं ठरवलंय. मी हिंदू आहे, चालेल का?

उत्तर : चालेल बाये, पण मैत्रिणीच्या आजीला विचारून. ‘पानो’ हा पोर्तुगीज शब्द, म्हणजे कापड. ‘भाजू’ आला मलय भाषेतून. पोशाखाच्या नावातच समुद्र आहे, आणि परीक्षकांनी विचारलं तर हेच सांग. मांडोची चाल संथ असते, खांदे आणि पंखा बोलतात. घाई झाली की दुलपद, म्हणजे जलद चालीचं गाणं, वाटतं. घुमटावर, म्हणजे मातीच्या वाद्यावर, साथ घे, तेही रेकॉर्डवरचं नको, समोर बसून वाजवणारं हवं. भाजू मखमलीचा असेल तर त्यावर इस्त्री फिरवू नकोस, लव दबते आणि डाग पडल्यासारखं दिसतं. आदल्या रात्री न्हाणीघरात गरम पाण्याची बालदी ठेव आणि भाजू वर टांग. वाफेनं सकाळपर्यंत सुरकुत्या जातात.