ऑटिझम आणि मेंदूतील जाळी : या संशोधनात जायचं तर काय शिकावं?

प्रश्न : मी पदवीच्या पहिल्या वर्षाला जीवशास्त्र शिकते. माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे. ऑटिझममध्ये मेंदूतील जाळी वेगळ्या रीतीने घडतात असं वाचलं आणि यातच संशोधन करावंसं वाटू लागलं. पण गणिताची धास्ती वाटते. नुसत्या जीवशास्त्रावर निभावेल का?

उत्तर : नुसत्या जीवशास्त्रावर निभावणार नाही. पण लागणारं गणित मोजकं आहे, आणि ते नेमकं कुठे लागतं हे कळलं की धास्ती बरीच ओसरते.

मेंदूचे दोन भाग 'जोडलेले' आहेत असं या क्षेत्रात म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा त्या दोन्हीकडच्या संकेतांचे चढउतार एकाच लयीत होतात, एवढंच अभिप्रेत असतं. माणूस काहीही न करता पडून असतानाही डाव्या-उजव्या बाजूंचे हालचालींशी संबंधित भाग असे एका लयीत असतात, हे संशोधक भरत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये दाखवलं. विश्रांत अवस्थेतील एफएमआरआय (रक्तप्रवाहातल्या बदलांवरून मेंदूचं काम टिपणारं स्कॅन) ही पद्धत त्यातूनच वाढली. आता हिशेब बघ. सहा मिनिटं स्कॅन, दर दोन सेकंदांना एक प्रतिमा, म्हणजे १८० प्रतिमा. मेंदूचे २०० भाग पाडले तर त्यांच्या जोड्या होतात १९,९००. ऑटिस्टिक आणि इतर व्यक्तींत फरक आहे का, हे प्रत्येक जोडीसाठी ५ टक्क्यांच्या नेहमीच्या कसोटीवर तपासलं, तर खरा फरक शून्य असतानाही सरासरी ९९५ जोड्यांत 'फरक' दिसेल. संख्याशास्त्र हवं ते यासाठी.

त्याहून मोठी अडचण डोकं हलण्याची. हलणं मिलिमीटरच्या काही अंशांइतकंच असलं, तरी दूरच्या भागांमधला संबंध खोटाच कमी आणि जवळच्या भागांमधला खोटाच जास्त दिसतो, हे २०१२ च्या सुमारास स्पष्ट झालं. लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात. ऑटिस्टिक मुलं सरासरीने समवयस्कांपेक्षा जास्त. आणि ऑटिझमबद्दल तोवर मांडलेलं चित्रही नेमकं हेच होतं : दूरच्या जोडण्या दुबळ्या, जवळच्या जास्त. त्यामुळे जुने निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. आज कुठे जोडणी कमी, कुठे जास्त, असं संमिश्र चित्र आहे आणि ते व्यक्तीगणिक बदलतं.

यावर उपाय म्हणून ०.२ किंवा ०.५ मिमीपेक्षा जास्त हललेल्या प्रतिमा गाळतात. पण मर्यादा फार कडक ठेवली की मागे उरतात ती शांत पडून राहू शकणारी, बहुतांशी बोलणारी मुलं. कमी बोलणारी आणि जास्त आधार लागणारी मुलं या संशोधनात फारच थोडी येतात. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत मोठी उणीव आहे. अशा मुलाबरोबर घरात वाढलेली, त्याला कशाचा त्रास होतो हे जाणणारी संशोधक इथे खरोखर हवी आहे.

'वेगळ्या रीतीने घडतात' हा तुझ्या पत्रातला शब्दप्रयोग अचूक आहे, कारण फरक वाढीच्या वाटेत असतो. मोठं भावंड ऑटिस्टिक असलेल्या ९२ बाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ज्यांना ऑटिझमचं निदान झालं, त्यांच्या अनेक तंतूमार्गांत (मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या जुड्यांत) तंतूंची सुसूत्रता दाखवणारा आकडा सहाव्या महिन्यात इतरांपेक्षा जास्त होता. मग त्याची वाढ मंदावली आणि दोन वर्षांच्या वयात तो इतरांहून कमी झाला. मधल्या एखाद्याच दिवशी स्कॅन केलं असतं, तर फरक जवळजवळ दिसलाच नसता! म्हणून एकाच मुलाला पुन्हा पुन्हा तपासणारे अभ्यास महाग आणि वेळखाऊ असले तरी त्यांना पर्याय नाही. पेशींच्या पातळीवरही असाच मुद्दा येतो. बालपणात मेंदू जादा सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडण्या, छाटतो. ही छाटणी काही ऑटिस्टिक व्यक्तींत कमी झाल्याचं मृत्यूनंतर तपासलेल्या ऊतींमध्ये २०१४ मध्ये आढळलं.

आता तयारी. पहिल्या वर्षी संभाव्यता, संख्याशास्त्र आणि मॅट्रिक्सचं गणित शीक, जोडीला पायथन ही संगणकाची भाषा. मग अबाइड हा मेंदूच्या स्कॅनचा खुला डेटासंच घे. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या त्याच्या पहिल्या भागात १७ केंद्रांतील १,११२ व्यक्तींची माहिती आहे, त्यांत ५३९ ऑटिस्टिक. पायथनमधल्या नायलर्न या तयार साधनाने त्याची प्राथमिक प्रक्रिया झालेली आवृत्ती उतरवता येते. सुरुवातीला साधा लॅपटॉप पुरतो. एकाच केंद्रातल्या २० व्यक्ती निवड, प्रत्येकाची २०० बाय २०० ची सहसंबंध-मॅट्रिक्स (कोणते दोन भाग किती एका लयीत आहेत याचा तक्ता) काढ आणि तिची सरासरी त्या व्यक्तीच्या हालचालीच्या सरासरीशी ताडून बघ. मग तेच दुसऱ्या केंद्रावर कर. निकाल बदलला तर घाबरू नकोस. स्कॅनर, त्याची मांडणी, डोळे उघडे की मिटलेले अशा गोष्टींनीही आकडे हलतात, आणि ते ओळखता येणं हेच शिकायचं आहे.

प्रतिमांपेक्षा पेशी आवडत असतील तर शँक३ सारख्या, सिनॅप्सशी संबंधित जनुकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. तिथे गणित कमी, पण संख्याशास्त्र टळत नाही.

एक गोष्ट मात्र घरी बसून नीट ठरव. या संशोधनातून भावाला लगेच काही मिळेल असं नाही. ऑटिझमचं निदान आजही वागणूक आणि विकासाचा इतिहास पाहूनच होतं, स्कॅनवरून नाही. त्याच्यासारख्या मुलांना रोजच्या जगण्यात मदत करावी, ही ओढ जास्त असेल, तर वाचा व भाषा उपचार, ऑक्युपेशनल थेरपी किंवा विशेष शिक्षण हे थेट मार्ग आहेत.

संशोधनच ठरलं, तर पदव्युत्तर शिक्षणासाठी न्यूरोसायन्स, संज्ञानशास्त्र किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंग बघ. प्रयोगशाळा निवडताना विचार : तुम्ही त्याच मुलांना पुन्हा तपासता का? हालचालीचं काय करता? अभ्यास आखताना ऑटिस्टिक व्यक्तींचं मत घेता का? प्रयोगशाळेला लिहायचं पत्र अर्ध्या पानाचं पुरे, सोबत वरच्या सरावाचा कोड आणि एक आलेख जोड. तो गुणपत्रिकेपेक्षा जास्त लक्ष देऊन पाहिला जातो.